रुळाकडेच्या शिकाऱ्यांनो, पंधरा दिवस आहेत

अकोला जिल्ह्यातल्या रेल्वेमार्गांच्या दोन्ही अंगांना रात्री शिकारीला उतरणाऱ्या प्रत्येकासाठी हा जाहीर इशारा आहे. मुंबई-हावडा मार्गावर पारस-गायगावपासून बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरुमपर्यंत, बार्शिटाकळी-लोहगडकडून वाशिमला जाणाऱ्या मार्गावर आणि अकोटकडून सातपुड्याच्या पायथ्याला भिडणाऱ्या मार्गावर जो कोणी बॅटरी, ठासणीची बंदूक, क्लचची तार, वाघूर, गावठी बॉम्ब किंवा करंट सोडायची तार घेऊन निघतो, त्याने हा मजकूर शेवटपर्यंत वाचावा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या लेकराकडून वाचून घ्यावा. बाप रात्री कुठे जातो, हे त्यालाही एकदा कळू द्या.

आम्ही लिहिणारे याच रुळांच्या कडेला वावर असलेले लोक आहोत. रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला पाणी देतो, तुरीची जागल करतो, फाटक उघडण्याची वाट पाहत बंडी घेऊन उभे राहतो. तुमच्या बॅटरीचे झोत आम्हाला दिसतात, बार ऐकू येतात. आजवर आम्ही गप्प राहिलो, कारण गाव एक, भाऊबंदकी एक, आणि उद्या बांधाला बांध लागणार. ही चुप्पी आता संपली.

कायद्यात बसणारी शिकार

रुळाच्या कडेला कायद्यात बसेल आणि कुणाला धोका होणार नाही अशी शिकार कशी करावी, असा प्रश्न काही जण साळसूदपणे विचारतात. त्याचे उत्तर एका वाक्यात देतो. अशी शिकार नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला या देशात जागाच उरली नाही. कलम ९ शिकारीला बंदी घालते, आणि शिकार म्हणजे केवळ गोळी घालून मारणे नव्हे. फास लावणे, सापळा मांडणे, आमिष टाकणे, कुत्री सोडून पाठलाग करणे, हाका करून जनावर दाबणे, जखमी करणे, विष घालणे आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सारे कायद्याच्या लेखी शिकारच आहे. ‘आमच्या हाती काहीच लागले नाही’ ही सबब तिथे चालत नाही.

काळवीट, चिंकारा, मोर, घोरपड, खवल्या मांजर, अस्वल, बिबट, वाघ हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. यांच्या शिकारीला किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कारावास, वर किमान २५ हजार रुपये दंड. तुम्ही ज्याला ‘काय साधा ससा’ म्हणता, तो ससा आणि तो तितरही संरक्षित आहेत. तिथे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात शिकार केली तर शिक्षा आणखी कडक. ज्या दुचाकीवरून गेलात ती दुचाकी, जी बंदूक वापरली ती बंदूक, सारे सरकारजमा होऊ शकते. ट्रॅक्टरचे हप्ते फेडता फेडता कंबर मोडलेल्या घरातून एका सशापायी दुचाकी गेली, तर त्या सशाचे मटण किती रुपये किलोने पडले, याचा हिशोब घरच्या बाईपुढे मांडा.

आता परवान्याचे. पिकांची नासाडी करणारा रोही आणि रानडुक्कर यांच्यापुरती राज्याने परवान्याची सोय ठेवली आहे. त्यासाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो, आणि सक्षम अधिकाऱ्याने लेखी परवाना दिला तरच, परवान्यात लिहिलेल्या क्षेत्रात, लिहिलेल्या मुदतीत, परवानाधारक बंदुकीने ते जनावर मारता येते. मेलेले जनावर सरकारची मालमत्ता असते. ते गावात वाटून खायचे नसते. आणि परवान्यात तुमच्या वावराचा गट नंबर असतो. रेल्वेची हद्द, तिचा भराव, तिची मोरी हे तुमचे वावर नाही. तिच्या हद्दीच्या खुंट्यांच्या आत बंदूक घेऊन पाय टाकलात की परवाना खिशात असून नसल्यासारखा.

तिथून रेल्वेचा कायदा सुरू होतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार हद्दीत विनापरवानगी शिरण्यालाच ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जाणूनबुजून केलेल्या कृत्याने प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणली तर कलम १५३ नुसार ५ वर्षांपर्यंत कैद. नुसत्या बेपर्वाईलाही कलम १५४ आहे. वनखात्याचा एक, रेल्वेचा दुसरा, शस्त्र आणि स्फोटकांचा तिसरा, चोरीच्या विजेचा चौथा, असे गुन्हे एकाच रात्री अंगावर घेऊन तुम्ही घरी येता आणि सकाळी पारावर फुशारकी मारता.

अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकधारकांनी हेही ऐकावे. कलम ३४ नुसार परवान्याच्या बंदुकीचीही वन्यजीव अधिकाऱ्यांकडे नोंद असावी लागते. काटेपूर्णा, नरनाळा आणि वान ही अभयारण्ये तुमच्या दाराशी आहेत. आजोबांच्या नावची बंदूक नातू वापरत असेल, तर तीही विनापरवानाच धरली जाते.

गोळी कुठे जाते

रेल्वेचा भराव वावरापेक्षा उंच असतो. खाली तुरीत उभे राहून भरावावरच्या जनावरावर बार टाकणारा माणूस नेमका गाडीच्या खिडक्यांच्या उंचीवर नेम धरत असतो. सशाला चुकलेला छर्रा गिट्टीवर किंवा रुळाच्या पोलादावर आदळला तर कोणत्या दिशेला उडेल, हे बंदूक बनवणाराही सांगू शकत नाही. रायफलची गोळी किलोमीटरच्या पलीकडे जाते, आणि पलीकडे कुणाचे तरी गाव असते.

अंधारात चमकणारी प्रत्येक गोष्ट डोळा नसते. थंडीत रूळ आकसतात, त्यांना तडे जाण्याची भीती असते, म्हणून ट्रॅकमन रात्रीच्या रात्री हातात कंदील नाहीतर बॅटरी घेऊन रूळ तपासत पायी फिरतात. पावसाळ्यात भराव खचतो म्हणून पुन्हा तीच गस्त. कानटोपी घातलेला, वाकून रुळाच्या जोडाकडे बघणारा तो माणूस आपल्याच पैकी कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी जावई. तुमच्या नशेतल्या नजरेला तो कशासारखा दिसेल, याची हमी कोण देणार? दिवाळीनंतर भरावाकडेला मेंढरांचा वाडा घेऊन उतरणारे धनगर आणि गाईंचे कळप घेऊन येणारे काठेवाडी गुराखीही तिथेच झोपलेले असतात. भरावावरचा माणूस माणसासारखा दिसेपर्यंत बार निघून गेलेला असतो.

जनावर जखमी झाले तरी संकट टळत नाही. बार खाल्लेला, कुत्र्यांनी पिटाळलेला रोही सैरावैरा मोकळ्या जागेकडे पळतो, आणि रात्री सर्वांत मोकळी जागा म्हणजे रूळ. मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो. ताशी शंभरच्या वेगाने येणारी गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही शेकडो मीटर पुढे जाऊनच थांबते. ते धूड इंजिनावर आदळले, ब्रेकच्या नळ्या तुटल्या, की मागच्या डब्यांत झोपलेल्या शेकडो जणांचा जीव लोको पायलटच्या हातातून निसटू लागतो. त्या गाडीत नागपूरला दवाखान्यात निघालेला पेशंट असतो, नाहीतर पुण्याला नोकरीवर परतणारे तुमचेच पोरगे असते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीजवळ रेल्वेखाली वाघिणीचे तीन बछडे चिरडले गेले. तिथे कुणी त्यांना रुळावर हाकले नव्हते. तुम्ही मात्र जनावरांना जाणूनबुजून रुळाकडे दाबता.

मोरीतला फास

रुळाखालची मोरी पाहा. पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहते, उरलेले आठ महिने ती जनावरांची वाट असते. ससा, सायाळ, कोल्हा, मुंगूस, रानमांजर आणि रानडुकरे रूळ ओलांडायला तिचाच आसरा घेतात, आणि म्हणूनच ती जीव वाचवणारी जागा आहे. तुम्ही फास नेमका तिथेच लावता. मोटारसायकलची जुनी क्लचची तार, एका टोकाला सरकती गाठ, दुसरे टोक बाभळीच्या खुंटीला पीळ देऊन आवळलेले. फास जमिनीपासून वीतभर उंच, दोन्ही बाजूंना बोरीच्या काट्या टेकवून वाट अरुंद केलेली, म्हणजे जनावराला दुसरीकडून जाता येऊ नये. तार चकाकू नये म्हणून तिला चिखल चोपडलेला. त्यात मान अडकली की जनावर जितके ओढते तितकी गाठ आवळत जाते. पाय अडकला तर कातडी सोलून हाडापर्यंत जाते. ते रात्रभर ओरडते आणि पहाटे तुम्ही काठी घेऊन येता.

फासाला ससा आणि बिबट यांत फरक कळत नाही. गावातले कुत्रे, शेळीचे करडू आणि मोरीत लपाछपी खेळणारे लेकरूही त्याला सारखेच.

करंट

सर्वांत कडक शब्द आम्ही करंटवाल्यांसाठी राखून ठेवले आहेत. वावराभोवती बांधायची तार ओढून तिच्यात लाइनीवरून आकडा टाकून वीज सोडणारा माणूस शिकारी नाही आणि पिकाची राखण करणाराही नाही. तो शेजाऱ्याच्या मरणाची तयारी करून निवांत झोपलेला असतो.

आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाइन अनेकदा रात्रीच मिळते. रब्बीत माणूस चिखलात अनवाणी, ओल्या धोतराने किंवा गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटीने, एका हातात फावडे घेऊन दांड फोडत फिरतो. त्याच्या पायाखाली ओली माती, समोर अंधार आणि धुऱ्यावर तुमची तार. विदर्भात अशी माणसे मरतात, दर हंगामात मरतात. बऱ्याचदा तार लावणाऱ्याच्याच घरातले माणूस तिला चिकटते. जनावरासाठी लावली होती, माणसासाठी नव्हे, असे मग ठाण्यात रडत सांगितले जाते. वीज सोडलेली तार माणसाला मारते हे ठाऊक असून ती लावली, म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. चोरीच्या विजेचा गुन्हा वेगळाच.

वाघांचेही याच तारेने बळी घेतले आहेत. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे ‘श्रीनिवास’ नावाने ओळखला जाणारा वाघ अशाच तारेने गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात ब्रह्मपुरीहून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण शेताच्या तारेला चिकटून मेली.

रुळाजवळ तर हा खेळ आणखी जीवघेणा आहे. वरच्या विद्युत तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तिच्या खांबाजवळ, रुळाजवळ लांबच लांब लोखंडी तारा ओढणाऱ्याला आपण कशाशी खेळतो आहोत, याची अक्कल नसते. असेल तर तो त्याहून मोठा गुन्हेगार आहे. गव्हाच्या पिठात गुंडाळून भरावाकडेला गावठी बॉम्ब टाकणाऱ्यालाही हेच सांगणे आहे. तो डुक्कर चावेल, गाय चावेल की शेण गोळा करणाऱ्या बाईच्या हातात फुटेल, हे त्याच्या हाती उरत नाही.

काय गमावतो आहोत

वऱ्हाडाचा माळ रिकामा नाही. अकोला-वाशिमच्या गवतात तणमोर येतो, जगात अगदी थोडा उरलेला पक्षी. पावसाळ्यात नर गवतावरून उंच उड्या मारतो, मादी गवतात नाहीतर सोयाबीनमध्ये अंडी घालते. उत्तरेला मेळघाट आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वान रोड आणि धुळघाटवरून खंडव्याला जाणारी जुनी मीटरगेज याच जंगलातून जात होती. २०१७ पासून ती बंद आहे. अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. जंगलातून रुंद मार्ग न्यावा की बाहेरून वळवावा, यावर वर्षानुवर्षे भांडण झाले, ते वाघांची वाट तुटू नये म्हणून. त्या ओस पडलेल्या मार्गाचा भराव आता शिकाऱ्यांची पायवाट होत असेल, तर त्या सगळ्या भांडणाचा उपयोग काय? २०१३ मध्ये मेळघाटातल्या वाघांच्या शिकारीच्या टोळ्या उघड झाल्या, तेव्हा धागे परराज्यांपर्यंत पोहोचले होते. त्या टोळ्यांना वाट दाखवणारे, भाकरी देणारे, ‘इथे पाणवठा आहे’ म्हणून सांगणारे मात्र गावांतूनच मिळतात.

एक गोष्ट इथेच बजावून ठेवतो. फास दिसला की पहिले बोट पारध्याच्या पालाकडे दाखवायची सवय आता मोडा. इंग्रजांनी लावलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला. तणमोर राखायच्या कामात याच माळांवरचे फासेपारधी बांधव पुढे उभे राहिले आहेत. क्लचची तार आमच्या गॅरेजातून जाते, करंट आमच्या वावरातून सुटतो, मटणाची गिऱ्हाइके पांढऱ्या कपड्यांत गाडीतून येतात. पुराव्याशिवाय कुणाच्या पालावर चालून जाणाऱ्यांविरुद्धही आम्ही ठाण्यात उभे राहू.

कार्यालयांनाही मुदत

रोही आणि डुकरांनी वावर उजाड केल्याचे दुःख खोटे नाही. एका रात्रीत कळप हरभऱ्याचे सोने पायाखाली तुडवतो. तारेकडे वळणाऱ्या हाताला ही हतबलता ढकलते. म्हणून वनखाते, महावितरण आणि रेल्वे यांनाही हीच मुदत आहे.

वनखात्याने पीक नुकसानीचे पंचनामे वेळेत करावेत, भरपाई हंगाम उलटायच्या आत खात्यावर टाकावी, सौर कुंपणाच्या योजनेचे अर्ज टेबलावर कुजवू नयेत, आणि रीतसर परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याला हेलपाटे मारायला लावू नयेत. महावितरणने शेतीला दिवसा वीज द्यावी आणि रात्री आकडे शोधणारी पथके फिरवावीत. रेल्वेने मोऱ्या तपासाव्यात, मालगाड्यांतून सांडलेले धान्य उचलावे, कारण त्यावर मोर-तितर उतरतात आणि त्यांच्यामागे शिकारी. हत्ती रुळावर येताच इशारा देणारी ‘गजराज’ यंत्रणा रेल्वेने ईशान्येत बसवली आहे. वन्यप्राण्यांची ये-जा असलेल्या वऱ्हाडातल्या पट्ट्यांसाठी काय करणार, हे तिने सांगावे. पंधरा दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर ही मागणी निवेदन म्हणून थांबणार नाही, कार्यालयाच्या दारात बसेल.

मात्र शिकाऱ्यांनो, कार्यालयाचा हलगर्जीपणा तुमची ढाल होणार नाही. भरपाई मिळाली नाही म्हणून शेजाऱ्याला मारायचा परवाना कुणालाच मिळत नाही.

आमच्या अटी

हा मजकूर छापून आल्यापासून पंधरा दिवसांत पुढील गोष्टी झाल्या पाहिजेत.

१. धुऱ्यावरच्या, नाल्यातल्या, रुळाकडेच्या करंटच्या सर्व तारा उतरवा. यासाठी पंधरा दिवसांची सवलत नाही. या तारा आज सूर्य मावळायच्या आत उतरल्या पाहिजेत.

२. मोऱ्यांतले आणि पांदणींतले फास, वाघरी, लोखंडी सापळे काढा. एकही मागे राहता कामा नये. विसरलेला फास महिनोन् महिने मारत राहतो.

३. गावठी बॉम्बला हात लावू नका, तो हलवू नका, विहिरीत टाकू नका. कुठे ठेवला आहे ते ११२ वर कळवा. तो निकामी करणे पोलिसांचे काम आहे.

४. विनापरवाना बंदुका पोलिस ठाण्यात जमा करा. वाटल्यास आधी वकिलाला विचारा, पण जमा करा.

५. ढाबेवाल्यांनी, फार्महाउसवाल्यांनी आणि ‘रानातले काही आणा’ म्हणून फोन करणाऱ्या मोठ्या माणसांनी ही मागणी बंद करावी. मांस विकत घेणारा आणि जवळ बाळगणारा, दोघेही गुन्हेगार आहेत.

६. रेल्वेच्या कंत्राटी मजुरांपैकी कुणी शिकाऱ्यांना मोऱ्या आणि गाड्यांच्या वेळा दाखवत असेल, तर त्याने आजच थांबावे.

त्यानंतर

आम्ही कुणाच्या अंगावर हात टाकणार नाही. कुणाची दुचाकी जाळणार नाही, कुणाच्या घरावर मोर्चा नेणार नाही. आम्ही जे करणार आहोत, त्याला तुम्ही त्याहून जास्त भ्यायला हवे.

आम्ही साक्ष देणार आहोत.

आजवर तुम्ही सुटत आलात ते पंच फितूर झाले म्हणून. वनरक्षकाने पकडले, पंचनामा झाला, आणि कोर्टात उभे राहताच ‘मला काही आठवत नाही, माझी सही कोऱ्या कागदावर घेतली’ असे सांगणारे आमच्यातलेच होते. सोळाव्या दिवसापासून तसा पंच तुम्हाला मिळणार नाही. बॅटरीचा झोत दिसला की वनखात्याच्या १९२६ वर फोन जाईल, रुळावर दिसला की रेल्वेच्या १३९ वर जाईल, बार ऐकू आला की ११२ वर. पंचनाम्यावर आमची नावे ठळक असतील. तारीख पडली की आम्ही कामाचा खाडा करून, स्वतःच्या खर्चाने कोर्टात हजर राहू. दहा तारखा पडल्या तर दहाही वेळा. वन्यजीव कायद्यानुसार रीतसर नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही थेट न्यायालयात तक्रार करता येते. खात्याने प्रकरण दाबले तर तोही रस्ता आम्ही धरू. आरोपीच्या पिंजऱ्यात आमचा चुलतभाऊ असला तरी साक्ष बदलणार नाही. सोयरिक मोडली तर मोडो.

राजेहो, तुम्हाला आम्ही ओळखतो. कोणाची क्लचची तार कोणत्या गॅरेजातून येते, कोणाचा आकडा कोणत्या डीपीवर पडतो, कोणाच्या घरी अमावास्येच्या आसपास पाहुणे मटणाला येतात, हे सारे गावाला ठाऊक आहे. आजवर ठाऊक असून आम्ही बोललो नाही. त्याचे ओझे आमच्यावर आहे आणि ते आम्ही उतरवणार आहोत. तार उतरवायला एक पक्कड पुरते आणि फास सोडवायला एक मिनिट. ते करा, शेजारी म्हणून राहा, आम्ही मागचे काही उकरणार नाही. नाही केलेत, तर सोळाव्या दिवशी सकाळी आमचा पहिला फोन जाईल, आणि तो तुमच्या नावासह जाईल.